चंदाचे जपान, आमचा टोला

२९ जून, रविवार

धप्प, खट्ट. धप्प, खट्ट. पहाटे डोळे उघडायच्या आधी कानात ढेकीचा आवाज होता. आई पायाने ढेकी दाबायची, पलीकडचे मुसळ धानावर आदळायचे आणि त्या ठेक्यावर चंदा शाळेतली कविता घोकायची. ओळ चुकली की आई पाय थांबवायची. आईला वाचता येत नव्हते, पण ठेका चुकलेला तिला बरोबर कळायचा. मी अंथरुणात उठून बसलो तेव्हा तो आवाज शेजारच्या पाण्याच्या मोटरीचा निघाला. वय झाले की कान मागे मागे चालू लागतात.

चंदा माझी धाकटी बहीण. दिल्लीत तिने आयुष्यभर जपानी समाजाचा इतिहास शिकवला. लग्न केले नाही. यंदा होळीनंतर तिकडचे बिऱ्हाड आवरून ती कायमची आमच्या वस्तीवर, टोल्यावर राहायला आली. मागची खोली तिला दिली आहे. मला फार बरे वाटते. संध्याकाळी ओसरीवर बसून मी जुन्या पुस्तकातल्या कविता म्हणतो आणि विसरलेली ओळ ती जोडून देते.

गोंदियाकडच्या गोरेगावातल्या आमच्या जुन्या शाळेची स्मरणिका निघणार आहे. मंडळींनी मला चंदावर लेख मागितला आहे. जन्मभर पोरांना निबंध शिकवले, तेव्हा हे माझ्या हातचे काम. पण सकाळपासून पहिल्याच वाक्यावर अडलो आहे. तिने नेमके काय केले, ते मला एका वाक्यात सांगता येत नाही. तिलाच विचारले तर म्हणाली, लिही, बाई धानाच्या गावांबद्दल वाचत बसली.

माझी बायको प्रेमिला सारखी विचारते, रीताच्या टोळीला धान रोवण्याचे सांगितले का. सांगितले आहे. दरवर्षी त्याच बाया येतात, सांगायची तरी काय गरज?

२ जुलै, बुधवार

लेखाचा कच्चा मजकूर झाला. इथे उतरवून ठेवतो.

चंदा नागपूरला कॉलेजात असताना तिथल्या ग्रंथालयात तिला एका जाड पुस्तकात फोटो दिसला. गुडघाभर चिखलात ओळीने वाकलेल्या बाया, हातात पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपांच्या जुड्या. तिला वाटले, आपला टोला छापून आला. खाली नाव जपानचे. त्या दिवसापासून तिने ध्यास घेतला. ती दिल्लीला गेली, ती भाषा शिकली, पुढे शिष्यवृत्ती मिळाली. बाबांनी परवानगी कशी दिली याचे टोल्याला आजही नवल वाटते. खरे कारण असे, की बाबांना ती शेतकी शिकते आहे असे वाटत होते. ‘धानाचंच शिकून राहिली ना, मंग जाऊ द्या,’ असे ते चारचौघांत सांगत. ती समजूत कुणी मोडली नाही.

जपानच्या उत्तरेकडे एका खेड्यात ती शेतकऱ्याच्या घरी राहिली. देवळाच्या कोठारात गावाचे जुने कागद होते, ते वाचले. परत येऊन पुस्तक लिहिले. पुस्तकाचा विषय मला पाठ आहे: जुन्या जपानातली गावे आणि गावाने बंद केलेली घरे. म्हणजे कुणी गावाचा नियम मोडला की गाव त्या घराशी संबंध तोडायचे. रोवण्याला कुणी जायचे नाही, पाण्याची पाळी द्यायची नाही, लग्नाला बोलवायचे नाही, रस्त्यात भेटले तर बोलायचे नाही. फक्त दोन वेळा गाव धावून जायचे. घराला आग लागली तर, आणि घरात मयत झाली तर.

हे मी चंदाला मोठ्याने वाचून दाखवत होतो. प्रेमिला तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘म्हणजे मरावंच लागते तर.’

मला विनोद वाटला, मी हसलो. त्या दोघींपैकी कुणी हसले नाही.

दुपारी चौकात केस कापायला गेलो. मुन्ना म्हणाला, गुरुजी, मशीन बिघडली आहे. तेव्हा तो एकाची वस्तऱ्याने दाढी करत होता. वस्तऱ्याला मशीन कशाला लागते, हे विचारायचे राहून गेले. चांगला पोरगा आहे. माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा.

५ जुलै, शनिवार

आज बिसरामभाऊच्या नातवाचे बारसे होते. बिसराम गावाचा पंच. जमिनीचे, भांडणाचे, सगळे त्याच्या ओट्यावर सुटते. आम्हाला निमंत्रण आले नाही. हल्ली सगळे मोबाइलवर पाठवतात आणि माझा मोबाइल जुना, त्यामुळे ते वाटेत कुठे अडकले असेल. निमंत्रणाची वाट बघत बसायला आम्ही काय परके आहोत? प्रेमिलाच्या गाण्याशिवाय या गावात पाळणा हलत नाही. पण ती नको म्हणाली, डोके दुखते. मलाही जाऊ नका म्हणाली, कारण सांगेना. मी चार ओळी रचल्या होत्या बाळासाठी, त्या खिशात घालून गेलो.

पंगत बसत होती. मी बसलो तसा डावीकडचा माणूस हात धुवायला उठला. अजून वाढायला सुरुवातही झाली नव्हती. मग उजवीकडचा उठला. थोड्या वेळाने बघतो तर माझ्या बाजूची ओळ रिकामी आणि समोरच्या ओळीत माणसे दाटीवाटीने बसलेली. भाताची बादली घेऊन येणारा पोरगा माझ्यापर्यंत आला आणि वळून गेला. भात संपला असेल. बिसराम स्वतः आला, वाकून हळूच म्हणाला, ‘गुरुजी, तुम्ही घरी जा.’

माझी साखर वाढली आहे, हे त्याच्या लक्षात असावे. बुंदी होती जेवणात. चांगला माणूस. चार ओळी तशाच खिशात राहिल्या.

घरी येऊन सांगितले तर प्रेमिला चुलीपाशी गेली आणि बराच वेळ तिकडेच बसली. चंदाने मला भात वाढला. स्वतःला वाढून घ्यायचे विसरली. म्हातारपण तिलाही लागले.

६ जुलै, रविवार

रीताची टोळी आली नाही. पऱ्हे उंच होऊन राहिले आहेत. पऱ्हे जुने झाले की फुटवा धरत नाहीत. बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, चिखल करून ठेवला आहे.

८ जुलै, मंगळवार

चंदाबद्दल प्रेमिलाची तक्रार आहे. तोंडाने बोलत नाही, भांडी आपटते.

झाले असे, की चंदा रोज संध्याकाळी फिरायला जाते आणि ओमेश्वरीकडे बसते. ओमेश्वरी ही बिसरामच्या धाकट्या भावाची विधवा. नवऱ्याच्या वाट्याची जमीन मोठा दीर देईना, म्हणून तिने कोर्टात दावा लावला. तेव्हापासून तिचे गावाशी पटत नाही. मीही तिच्याकडे गेलो नाही, काम पडले नाही. चंदाला हे काय माहीत? ती पहिल्या दिवशी रस्त्यावरून ‘काय करून राहिली वं’ म्हणत आत गेली, चहा प्याली, तेव्हापासून रोज जाते.

मी म्हटले, लेखासाठी चांगले आहे, अभ्यास अजून सुरूच आहे असे लिहितो. चंदा म्हणाली, अभ्यास नाही. पहिले दोन दिवस तिने वही नेली होती. ओमेश्वरीने विचारले, हे कुठी छापता का बाई. मग वही नेली नाही.

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा

ओसरी सारवून घेतली होती. दरवर्षी पोरे येतात. पोरे म्हणजे आता टक्कल पडलेले बापे, पण पाया पडताना तेच चेहरे दिसतात. चंदाने सगळ्यांसाठी चहाचे आधण ठेवले. मी जुनी कविता मनात घोळवत बसलो. कुणी ना कुणी म्हणतोच, गुरुजी, ती नदीची म्हणा.

दुपारपर्यंत कुणी आले नाही. रस्त्यात चिखल फार आहे. संध्याकाळी मुन्ना कुंपणापलीकडे थांबला, इकडेतिकडे बघितले, तिथूनच हात जोडले आणि निघून गेला. मी हाक मारली, ती त्याला ऐकू गेली नसावी. त्याला कानाचा त्रास लहानपणी होता.

चहा चंदाने आणि मी प्यायला. उरलेला फेकावा लागला.

स्मरणिकेवाल्यांना फोन केला, लेख तयार आहे. ते म्हणाले, जागा भरली. मी म्हटले, अर्धे पान? ते म्हणाले, गुरुजी, समजून घ्या. काय समजून घ्यायचे, ते विचारेपर्यंत फोन कटला.

१३ जुलै, रविवार

आज भूपेंद्र कुडव्याहून आला. आमचा मुलगा, गोंदियाला नोकरी करतो, बायको-मुलांना घेऊन कुडव्याला राहतो. गाडी लावता लावताच आईशी बोलू लागला. मी ओसरीवर होतो. बोलणे वाढले. मग तो माझ्यासमोर येऊन बसला.

‘बाबूजी, तुम्हाला खरंच समजलं नाही का? गावानं आपल्याले बंद केलं.’

मी विचारले, कशासाठी.

‘आत्या ओमेश्वरीकडे जाते म्हणून. जो तिच्या घरी जाईल तो बी बंद, असं ठरलं आहे त्यायचं. सबको पता है, तुम्ही सोडून.’

पुढे तो बरेच बोलला. असे बंद करणे गुन्हा आहे, कायदा आहे, ठाण्यात जाऊ. प्रेमिला म्हणाली, पोलीस येतील अन् जातील, रोवणा पोलीस करून देतील का? बिसरामचा निरोपही तिला ठाऊक होता. चंदाने पंचांसमोर चूक कबूल करावी, ओमेश्वरीकडे पुन्हा जाणार नाही म्हणावे. नाही तर गावातून जावे. मग दुसऱ्या दिवशी रीताची टोळी आपल्या बांधीत.

हे सगळे मी ऐकले. वर्गात आपण धडा समजावतो आणि एखादा पोरगा मान डोलावतो, पण डोळ्यांत काहीच उतरलेले नसते, तसे माझे झाले. मी कुणाचे काही केलेले नाही. त्या पंगतीत जे उठून गेले, त्यांतले निम्मे माझ्याकडून बाराखडी शिकलेले. ते माझ्यावरून उठले असतील हे मनाला पटत नाही. काहीतरी गैरसमज आहे.

पण मग भात संपला नव्हता का?

१४ जुलै, सोमवार

चंदाला विचारले, तुला हे कधी कळले. म्हणाली, मुन्नाने मशीन बिघडली म्हटले त्या दिवशी.

मग ती जे बोलली, ते मी आठवेल तसे लिहितो. म्हणाली, दादा, मी इतकी वर्षे बंद केलेल्या घरांवर लिहिले, पण ते कागद बंद करणाऱ्यांनी लिहिलेले होते. कोणते घर, कोणती चूक, किती दंड, माफी कधी मागितली. ज्यांना बंद केले त्यांच्या घरात त्या दिवसांत काय बोलत असतील, याची एक ओळ मला सापडली नाही. मी तिथे रिकामी जागा सोडून पुढे गेले. लोकांनी त्या पुस्तकाला बक्षीस दिले.

मी म्हटले, मग आता लिही की. तुला तर आयते घर मिळाले.

ती उठून आपल्या खोलीत गेली. मी चांगल्या मनाने म्हटले होते. तिला ते का लागले, कळले नाही.

१७ जुलै, गुरुवार

प्रेमिला सकाळी चांगले लुगडे नेसून बिसरामकडे गेली. त्याच्या बायकोशी हिचे जुने सख्य. तिच्या तिन्ही बाळंतपणांत ही रात्रंदिवस तिथे होती. म्हणाली, बायाबायांत बोलून मोकळे करते.

लवकर परत आली. आत बोलावले का, असे मी विचारले. ‘अंगणात उभी होती,’ एवढेच म्हणाली. मग घासलेली भांडी काढून पुन्हा घासत बसली.

जेवताना चंदाला म्हणाली, ‘बाई, तुम्हाले पेन्शन आहे, दिल्ली आहे. आमाले हा टोलाच आहे.’

चंदा म्हणाली, ‘खरं आहे, वहिनी.’

मी मध्ये काही बोलणार होतो. पण दोघींचेही मला खरे वाटत होते, मग कुणाच्या बाजूने बोलू? कवितेत दोन अर्थ निघाले तर दोन्ही लिहा, असे मी पोरांना सांगायचो. इथे ते चालेना.

१८ जुलै, शुक्रवार

चंदा जाणार. सोमवारची गाडी आहे गोंदियावरून. भूपेंद्र तिला स्टेशनवर सोडेल. मी म्हटले, माफी मागून टाक, दोन शब्दांचे काम. राहा इथे. आपल्या दोघांचे किती उरले आहे?

‘माफी मागितली तर मी राहीन, दादा. पण ओमेश्वरीकडे जाणं चूकच ठरेल, मग तिच्याकडे कोण जाईल?’

मला वाटले होते, ती पुस्तकातले काही सांगेल. हे साधेच निघाले. मला रडू आले. पुरुषाने रडावे की नाही यावर मी एकदा वर्गात वाद घेतला होता.

बांधीवर जाऊन आलो. पऱ्ह्यांची टोके पिवळी पडू लागली आहेत. शेजारच्या बांधीत रीताच्या बाया रोवत होत्या, गाणे चालले होते. मी दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावरून चालू लागलो तसे गाणे थांबले. पुढे गेलो तसे पुन्हा सुरू झाले. चांगला आवाज आहे रीताला.

२० जुलै, रविवार

चंदाने पेटी भरली. पुस्तके इथेच ठेवते म्हणाली. संध्याकाळी ओमेश्वरीकडे निरोप घ्यायला गेली आणि अंधार पडायच्या आत आली.

जेवणे झाल्यावर प्रेमिलाने तिला एक प्रश्न विचारला. इतक्या महिन्यांत तिने चंदाच्या कामाबद्दल पहिल्यांदा काही विचारले, म्हणून लिहून ठेवतो.

‘बाई, तुमच्या त्या जपानात, बंद घरी कोणी जात होतं का? गावातलं कोणी? चोरून नाई. दिवसा.’

चंदाने बराच विचार केला. म्हणाली, ‘माफी मागणाऱ्यांची नावं सापडली. जाणाऱ्यांची एकही नाही. गेलं असेल कोणी, वहिनी, पण मला सापडलं नाही.’

‘असं,’ म्हणाली प्रेमिला. मग उद्याच्या शिदोरीला पुऱ्या कराव्या की पोळ्या, यावर बोलणे गेले. पोळ्या ठरल्या.

२१ जुलै, सोमवार

घाईने लिहितो आहे, अक्षर वेडेवाकडे येईल.

सकाळी उठलो तर प्रेमिला घरात नव्हती. चूल पेटलेली नाही, पोळ्या केलेल्या नाहीत. मला वाटले नळावर गेली असेल. भूपेंद्र आला, गाडी दारासमोर लावली, आई कुठे म्हणून त्याने विचारले. कुणालाच ठाऊक नव्हते. चंदा पेटी घेऊन पुढच्या खोलीत येऊन बसली. नमस्कार केल्याशिवाय कशी जाऊ, म्हणत होती. भूपेंद्र घड्याळ बघत होता, रागावलाही होता. आई जाणूनबुजून समोर आली नाही, निदान आज तरी यायचे होते, असे तो म्हणाला. चंदाने त्याला गप्प केले. वहिनीचे काही चुकले नाही, म्हणाली.

मी काहीतरी बोलावे म्हणून निरोपाची एक जुनी कविता सुरू केली. दुसऱ्या ओळीवर अडलो. चंदाने जोडून दिली नाही. मान खाली घालून बसली होती.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. आमचे दार दिवसा उघडेच असते, कडी कुणी वाजवत नाही. मी पुढे झालो.

दारात ओमेश्वरी उभी होती. पदर खोचलेला, पाय अनवाणी. उंबऱ्याच्या बाहेरच थांबली होती. या गावात कुणाच्या उंबऱ्याशी तिला मी कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते. या म्हणावे की काय काम म्हणावे? मी दोन्ही म्हटले नाही.

तिच्या मागून प्रेमिलाचा आवाज आला. ‘आत जा ना वं. कायले थांबली?’

ओमेश्वरीने उंबरा ओलांडला. मागून प्रेमिला आली, तिचेही पाय चिखलाने भरलेले. माझ्याकडे तिने बघितलेच नाही. चंदाच्या हातातली पेटी काढून घेतली, कोपऱ्यात ठेवली.

‘बाई, तुम्हाले वाकता येते का आता? नाई येत तर जुड्या फेका. आपण तिघी झालो. पऱ्हे आजच खोदून रोवा लागते.’

चंदाने चपला काढून ठेवल्या. भूपेंद्रने गाडीची किल्ली खिशात टाकली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडू लागला. प्रेमिला चहा ठेवायला आत गेली. ओमेश्वरी भिंतीला टेकून खाली बसत होती, तर प्रेमिलाने आतूनच तिला पाटावर बसायला सांगितले.

एक गोष्ट मात्र मला अजून उमगली नाही. ओमेश्वरीचे घर आमच्या परसातल्या पायवाटेने अगदी जवळ पडते. या दोघी तिकडून आल्या नाहीत. चौकातून, मुन्नाच्या दुकानावरून, बिसरामभाऊच्या ओट्यासमोरून, ऐन सकाळी, सगळे गाव बाहेर बसलेले असताना, एवढा मोठा वळसा घालून चिखल तुडवत का आल्या, देव जाणे.